मुंबईत तीन दिवस, चाळीस ठिकाणांची यादी आणि सासूबाईंचे गुडघे

लातूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. जानेवारीत त्या, त्यांचे यजमान, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई मुंबईला येताहेत. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस. मुक्काम मुलुंडला दिरांकडे, परतीची गाडी रविवारी रात्री सीएसएमटीहून. फेब्रुवारीत नणंदेचं लग्न आहे, त्यामुळे साड्यांची आणि आहेराची खरेदी करायची आहे. त्या लिहितात :

"ज्याला विचारलं त्याने एकेक ठिकाण सांगितलं. आता यादी चाळीसवर गेली आहे. जुहू, सिद्धिविनायक, लिंकिंग रोड, क्रॉफर्ड मार्केट, एलिफंटा, पेंग्विन, मरीन ड्राइव्ह… सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, शुक्रवारी त्यांचा वैभवलक्ष्मीचा उपवास असतो, आणि त्या पूर्ण शाकाहारी. मला मात्र मुंबईत येऊन मासे खायचेच आहेत. हे म्हणतात, सरळ एखाद्या मॉलमध्ये जाऊ, सगळं एकाच जागी मिळेल. मला तसं नको आहे. पण हे सगळं तीन दिवसांत बसवू कसं?"

ताई,

बसवू नका. तुमच्या यादीतली ठिकाणं वाईट नाहीत, पण ती ज्यांनी सांगितली ते वेगवेगळ्या मुंबईत राहतात. जुहू सांगणारा पश्चिम रेल्वेवरचा असणार, तुम्ही उतरणार मध्य रेल्वेवर. मुलुंडहून जुहूला जायचं म्हणजे घाटकोपर किंवा दादरला गाडी बदलायची, पुढे रिक्षा, आणि संध्याकाळी तसंच उलट यायचं. वाळूत अर्धा तास बसण्यासाठी चार तास प्रवासात जातील, तेही गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन. म्हणून माझं म्हणणं असं की एका दिवशी शहराचा एकच भाग धरा, तो जमेल तेवढा पायी फिरा, जे खायचं ते त्याच भागातलं खा आणि घरी या. आणि तिन्ही भाग मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरचे निवडा. जुहू, लिंकिंग रोड आणि एलिफंटा मी तुमच्या यादीतून काढून टाकते आहे. एलिफंट्याला तासाभराची बोट आहे आणि वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या. ते पुढच्या वेळी, सासूबाई बरोबर नसताना. पण घारापुरीचा, म्हणजे एलिफंट्याचा, हत्ती मात्र त्यांना मी दाखवणार आहे, तो शनिवारी.

यजमानांना मॉलबद्दल एवढंच सांगा, की मॉलमध्ये जे मिळतं ते लातूरलाही थोड्याफार फरकाने मिळेल. दादरच्या फुलबाजाराचं तसं नाही.

शुक्रवार दादरला द्या, आणि सकाळी लवकर निघा. मुलुंडला एक मोठी सोय आहे, जी तुमच्या जाऊबाईंना नक्की ठाऊक असेल. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो गाड्यांचं मुलुंड हे पहिलंच स्टेशन, त्यामुळे सातच्या आत निघालात तर बसायला जागा मिळू शकते. कर्जत, कसाऱ्याहून येणाऱ्या फास्ट गाडीच्या वाटेला जाऊ नका. पंधरा मिनिटं वाचतील, पण सासूबाईंना दारातून आत घेणं आणि दादरला उतरवणं दोन्ही कठीण. आठ ते अकरा या वेळात मुंबईकडे जाणारी आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ परतीची गाडी टाळायची, हे शुक्रवारी तरी नक्की लक्षात असू द्या. तुम्ही बायका लेडीज डब्यात आणि यजमान जेंट्समध्ये जाणार. चढण्याआधीच ठरवा की उतरल्यावर फलाटावर कुठे भेटायचं. गर्दीत फोन लागत बसत नाही.

दादर पश्चिमेला बाहेर पडलात की आधी फुलबाजार. मीनाताई ठाकरे फुलमंडई आणि तिच्या भोवतालचा रस्ता, केशवसुत पुलाखालचा भाग, सगळा पहाटेपासून झेंडू, शेवंती, मोगरा, गुलाबांनी भरलेला असतो. सात-साडेसातला अजून घाऊक विक्रीची धांदल चाललेली असते. टोपल्या डोक्यावर घेऊन धावणाऱ्या माणसांना वाट द्या आणि कडेने चाला. सासूबाईंना देवासाठी हार इथूनच घेऊ द्या. मग टॅक्सी करून सिद्धिविनायक. मंगळवारची गर्दी शुक्रवारी सकाळी नसते. टॅक्सीबद्दल एक सांगायचं म्हणजे शीवच्या पुढे मुंबईत रिक्षा चालत नाहीत, तेव्हा दादरला रिक्षा शोधत उभ्या राहू नका. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. जवळच्या अंतराला काही टॅक्सीवाले नाही म्हणतात. दुसरी बघायची, मन खट्टू करायचं नाही.

दर्शन झालं की परत दादरला, गोखले रोडवर 'प्रकाश'मध्ये. सासूबाईंच्या उपवासाची सोय इथे उत्तम होते. साबुदाणा वडा, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, आणि वर पियूष. उपवासाला काय चालतं याचे प्रत्येक घरचे नियम वेगळे, म्हणून पियूषमध्ये केशर-जायफळ असतं हे आधी सांगून ठेवते. जागा लहान आहे, टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि खाणं झाल्यावर रेंगाळता येत नाही. तुम्हाला मिसळ किंवा थालीपीठ खायचं असेल तर शिवसेना भवनासमोर 'आस्वाद' आहे. स्टेशनजवळचं 'मामा काणे' १९१० पासून चालू आहे, तिथला बटाटावडा लेकीला आवडेल. तिन्ही ठिकाणी जायची गरज नाही. एक धरा.

आता खरेदी. दुकानं साधारण साडेदहा-अकराला उघडतात. पत्रात तुम्ही सगळ्या साड्या एकत्र लिहिल्या आहेत, पण खरेदी दोन प्रकारची आहे आणि ती दोन ठिकाणी करा. अंगावर नेसायच्या, म्हणजे नवरीची, तुमची, सासूबाईंची, या दादर पश्चिमेला रानडे रोड आणि स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानांत बघा. तिथे गादीवर बसून पदर उलगडून दाखवतात, घाई करत नाहीत, फॉल-पिकोची सोय असते. आहेराच्या साड्या मात्र दादर पूर्वेला हिंदमाताच्या बाजारात. एकाच रंगसंगतीच्या दहा-पंधरा घेतल्या की भाव करता येतो, आणि करायचाच. दुकानात शिरतानाच किती नग हवेत ते सांगा, एकेक साडी निवडून शेवटी भाव करायला गेलात तर विशेष काही सुटत नाही.

नवरीला पैठणी घेणार असाल तर दुकानदाराला "हातमागाची की मशीनची?" असा सरळ प्रश्न विचारा. मशीनची घेण्यात गैर काही नाही, पण तिला हातमागाचा भाव देऊ नका. पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी विणतानाच गुंफलेली असते, त्यामुळे मोर आणि नारळी काठ मागच्या बाजूनेही जवळजवळ तसेच स्वच्छ दिसतात. मागे सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले दिसत असतील तर ती मागावर हाताने विणलेली नाही. रेशीम खरं आहे याची खूण म्हणून सिल्क मार्कची पट्टी मागा. हे सगळं विचारताना संकोच करू नका. चांगला दुकानदार उलट खूश होऊन दोन गोष्टी जास्त सांगतो.

खरेदीत दोन तास गेले की सासूबाई थकतील. तेव्हा त्यांना आणि यजमानांना टॅक्सीने शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सोडा. झाडांची सावली आहे, मैदानात कायम कुठला ना कुठला क्रिकेटचा सराव चालू असतो. पार्कापलीकडे समुद्राच्या बाजूला चैत्यभूमी आहे, तिथे शांतपणे बसता येतं. लेकीला तेवढ्या वेळात छबिलदास शाळेच्या गल्लीतल्या 'आयडियल'मध्ये न्या. मराठी पुस्तकांचं इतकं भरलेलं दुकान तिने पाहिलं नसेल. तिला स्वतः निवडू द्या, तुम्ही बाहेर उभ्या राहा.

आणि तुमचे मासे. यजमानांनी दोन-अडीचच्या सुमाराला सासूबाईंना घेऊन घरी जावं, त्या वेळी गाड्या रिकाम्या असतात. तुम्ही, लेक आणि शक्य असेल तर जाऊबाई रा. का. वैद्य मार्गावरच्या 'सिंधुदुर्ग'मध्ये जेवा. जेवणात तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि शेवटी सोलकढी घ्या. पापलेट किंवा खेकडा मागवण्याआधी आजचा दर विचारा. मोठ्या मासळीचा भाव आकारावर आणि त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो, बिल आल्यावर दचकायला नको. मला विचाराल तर पापलेटापेक्षा बांगड्याला पैसे द्या. लातूरला बर्फातला बांगडा मिळेलही, पण ताज्या बांगड्याला जी गोडसर चव असते ती किनाऱ्यावरच.

शनिवारी सकाळी भायखळा. स्लो गाडीने साडेनऊच्या सुमाराला पोहोचा. स्टेशनची इमारत नीट बघा. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासूनचं हे स्थानक आहे, आणि त्याच्या डागडुजीला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पूर्वेला राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लेकीला हवे असलेले पेंग्विन इथेच. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली आणले, ते आता इथे चांगले रुळले आहेत, पिल्लंही झाली आहेत. आधी सरळ तिकडेच जा, रांग वाढायच्या आत. बागेत जुनी मोठी झाडं आणि भरपूर बाकं आहेत. सासूबाईंना सगळा फेरा मारायला लावू नका.

राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. आतली सोनेरी नक्षी आणि हिरवट रंगाचे खांब पाहून लेकीला राजवाड्यात आल्यासारखं वाटेल. पण मला त्याहून आवडतात ती मातीची छोटी माणसं, वेगवेगळ्या जातीजमातींच्या पगड्या, पोशाख आणि धंदे दाखवणारी. सासूबाईंना त्यातल्या कितीतरी वस्तू ओळखीच्या निघतील, आणि नातीला समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे द्या. इथे उलट आपणच ऐकत उभं राहावं. आणि बाहेर तो दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, उचलताना तो तुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही, ज्याच्यामुळे फोर्टातल्या त्या भागाला नाव पडलं, १९६५ मध्ये हलवून राणीच्या बागेतच ठेवला आहे. संग्रहालय आणि बाग दोन्ही बुधवारी बंद असतात. तुमचा बुधवार येत नाही, पण कुणाला सांगाल तर हेही सांगा.

दुपारच्या जेवणाला परत स्लो गाडीने माटुंगा. घराच्याच दिशेला आहे, उलटं जावं लागत नाही. एक काळजी घ्या. मध्य रेल्वेचं 'माटुंगा' आणि पश्चिम रेल्वेचं 'माटुंगा रोड' ही दोन वेगळी स्टेशनं. पूर्वेला उतरलात की समोरच अ. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. आधी कूपन घ्यायचं, नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं, मग केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, पापड, ताक. वाढणारे आग्रहाने वाढतात आणि पानात टाकलेलं त्यांना आवडत नाही, तेव्हा हवं तेवढंच घ्या. पण हे पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो. सकाळपासून फिरून सासूबाईंचे गुडघे धरले असतील तर हट्ट करू नका. तिथून जवळच रस्त्याच्या पातळीवर 'राम आश्रय' आहे. इडली, उपमा, रवा डोसा, अननसाचा शिरा. पोटभर होतं आणि पटकन होतं.

माटुंग्याचा बाजार हा या तीन दिवसांतला माझा सगळ्यात लाडका भाग आहे, म्हणून इथे जरा थांबते. जेवण झालं की गल्लीतून हळूहळू चाला. केळीची पानं, आंबट कच्च्या कैऱ्या, कढीलिंबाच्या जुड्या, शेंगा, सुरण, नारळाचे ढीग. गजरे इथे वेगळ्या गुंफणीचे मिळतात, अबोली आणि मोगरा एकत्र गुंफलेले. सासूबाईंना आणि जाऊबाईंना एकेक घ्या. कढईतून नुकते काढलेले केळ्याचे वेफर घ्या, गावी न्यायलाही चांगले टिकतात. आणि 'मायसोर कन्सर्न'मध्ये कॉफीच्या बिया डोळ्यांसमोर दळून देतात. चिकोरी किती टक्के हवी ते विचारतील. घरी कुणाला कडक कॉफीची सवय नसेल तर थोडी चिकोरी घाला, नुसती पूड घेऊन गेलात तर फिल्टरही घ्यावा लागेल. दक्षिणेतून आलेल्या लोकांनी गेल्या शतकात इथे देवळं, शाळा, खानावळी, कांजीवरम साड्यांची दुकानं उभी करून आपलं गाव वसवलं. लग्नासाठी एखादी कांजीवरम मनात असेल तर ती दादरला घेऊ नका, इथे बघा.

तीन वाजेपर्यंत सासूबाई आणि लेक यजमानांबरोबर मुलुंडला जातील. तुमची खरेदी पुरी झाली असेल तर तुम्हीही जा. नसेल, तर तुम्ही आणि जाऊबाई माटुंग्याहून मस्जिदला या. मंगलदास मार्केट शनिवारी चालू असतं, रविवारी बंद, म्हणून हाच दिवस. ब्लाउजपीस, अस्तर, ड्रेसचं कापड, पडदे हे सगळं ताग्यातून मीटरवर मिळतं. भाव विचारताना पन्हाही, म्हणजे कापडाची रुंदीही, विचारा. कमी पन्ह्याचं कापड स्वस्त वाटतं आणि शिवायला जास्त लागतं, मग हिशेब तोच होतो. गल्ल्या अरुंद आहेत, हमालांच्या हातगाड्या मागून येत असतात, त्यामुळे पर्स पुढे घ्या आणि पिशव्या कमी ठेवा. समोर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची इमारत. दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं मान वर करून जरूर बघा. लग्नाच्या रुखवताची सजावट, पत्रिकांचे लिफाफे, खोटी फुलं असलं काही हवं असेल तर ते आसपासच्या गल्ल्यांतच मिळेल. दमलात की मंडईसमोर 'बादशाह'चा फालुदा. सातनंतर मुलुंडला परतायचं तर सीएसएमटीला जाऊन गाडीत बसा. गाडी तिथूनच सुटते, मस्जिदला उभं राहून चढण्यापेक्षा खूप बरं.

रविवारी सामानासकटच घर सोडा. मध्य रेल्वेवर रविवारी बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, दुपारी गाड्या उशिरा धावतात किंवा दुसऱ्या मार्गावर वळवतात. फिरायला जाऊन सामानासाठी परत मुलुंड गाठायचं आणि रात्री पुन्हा यायचं हे त्या दिवशी करू नका. सकाळी आठच्या आत निघा, सीएसएमटीच्या अमानती सामान घरात बॅगा ठेवा. प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. रात्रीच्या तिकिटाची प्रत जवळ ठेवा.

मग स्टेशनचीच इमारत बघा, रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूने. १८८७ साली पुरी झालेली, २००४ पासून जागतिक वारसा. घुमटावरची मूर्ती, खांबांवरचे मोर आणि माकडं लेकीला शोधायला सांगा. पुढे टॅक्सीने हुतात्मा चौक. तिथे उतरा. संयुक्त महाराष्ट्रासाठी जीव दिलेल्या माणसांचं स्मारक मराठी घरातल्या मुलीने पाहायला हवं, आणि सासूबाईंना त्या काळच्या घरातल्या आठवणी असतील तर त्या तिथेच उभ्या राहून ऐका. तिथून गेटवे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला त्याच्या स्मरणार्थ बांधलेली कमान, पुरी झाली १९२४ ला, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून परत गेली. रविवारी दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा नऊलाच जा. दुपारचं ऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढा. सासूबाईंसाठी चाकांची खुर्ची मागा, यात कमीपणा काही नाही. तळमजल्यावरची शिल्पं पाहिली तरी पुष्कळ झालं.

रविवारचं जेवण काळबादेवीच्या 'ठक्कर भोजनालय'मध्ये. १९४५ पासूनची गुजराती थाळी, पूर्ण शाकाहारी, आणि जानेवारीत उंधियूचा हंगाम असतो. स्वस्त नाही, पण तीन दिवसांत एकदा सगळ्यांनी एकत्र पोटभर जेवायचं असेल तर पैसे इथे घाला. लग्नघरच्या माणसांना एवढा आग्रह करून वाढणारं कुणी मिळालेलं बरंच. जेवून गिरगाव चौपाटीला टॅक्सीने जा. सूर्य मावळताना मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला सासूबाईंना जड जाणार नाही, बसायची उंची बरोबर आहे. आता भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिकाही पूर्ण चालू झाली आहे, गिरगावहून सीएसएमटी दोन स्टेशनं. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, त्यामुळे रस्त्यावर गर्दी दिसली तर टॅक्सीची वाट न बघता मेट्रोने या.

तारीख मात्र कळवा. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन असते, सीएसएमटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचे रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत बंद ठेवतात. तुमचा रविवार तोच असेल तर सामान ठेवून आधी स्टेशनमध्येच चहा-नाश्ता करा, मेट्रोने काळबादेवी गाठून थाळी जेवा आणि गेटवे, संग्रहालय दुपारनंतर घ्या. पुढचा चौपाटीचा भाग तसाच ठेवता येईल. फक्त गाडीच्या तासभर आधी स्टेशनच्या अमानती सामान घरात पोहोचा, रविवारी रात्री तिथेही रांग असते.